वाफेच्या गाडीला शेक

आज सकाळी कपाटातून तो जाड काळा कोट बाहेर काढला आणि खोलीभर दगडी कोळशाचा वास पसरला. लेकीने दोनदा ड्रायक्लीनला दिलाय हो तो. तिसऱ्यांदा न्यायला निघाली तेव्हा मीच अडवलं. जरा गंधकाचा, जरा तापलेल्या लोखंडाचा आणि त्या दोहोंच्या खाली कुठेतरी जळक्या तेलाचा असा तो वास आहे. लेकीला त्याने शिंका येतात. मला मात्र तो नाकात शिरला की पाठ आपोआप ताठ होते. खिडकीबाहेर आमचा हा अमेरिकेतल्या ट्रॉय गावातला रस्ता पांढराफटक पडलाय, समोरचा शेजारी पायऱ्यांवर मीठ फेकतोय, आणि चौऱ्याहत्तर वर्षांची मी कोटाच्या बाहीत नाक खुपसून उभी आहे. कुणी पाहिलं तर काय म्हणेल! म्हणू दे. त्या बाहीत माझा एक अख्खा दिवस भरलेला आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे तुम्हाला माझा उत्साह उगाच वाटणार नाही. माझं सासर मनमाडचं. आमचे हे रेल्वेत, वाफेच्या इंजिनावर. आधी फायरमन, मग ड्रायव्हर. लग्न झालं तेव्हा माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं रेल्वेच्या वाचनालयातून यांच्या नावावर पुस्तकं आणून, दुपारच्या निवांत वेळी उंबऱ्यात बसून केलेलं. वाफेचं इंजिन मात्र पुस्तकातून नाही शिकले. ते यांच्या बोलण्यातून शिकले. घरी आले की अंघोळीआधीच बोलायला लागायचे; आज कोळसा ओला होता, आज भट्टी रुसली होती, आज चढाला वाफ पुरली नाही. भट्टी हा शब्द ते असा उच्चारायचे की घरात एक सवतच असल्यासारखं वाटायचं. पण इतकी वर्षं त्यांचा डबा भरला, कपडे भिजत घातले, तरी त्या सवतीचं तोंड मी कधी पाहिलं नाही. इंजिनावर बाहेरच्या माणसाला चढायची मुभा नव्हती, बाईमाणसाला तर नाहीच. फलाटावरून डबा वर द्यायचा आणि मागे सरायचं. तेवढ्या एका क्षणात तोंडावर जी धग यायची, तेवढीच माझी ओळख.

आणि मग हे गेले, मी लेकीकडे आले, आणि एके दिवशी इथल्या आपल्या भारतीय दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना शेजारी एक हात आला. बाईचा, पस्तिशीतला, नीटनेटका. पण नखांच्या कडांना बारीक काळी रेघ. ती रेघ साबणाने जात नाही. कितीही घासा, आठवडाभर राहते. मी तो हात बघत राहिले आणि तोंडातून निघालंच, "कोळसा?"

ती दचकली. "मावशी, तुम्हाला कसं समजलं?"

"अगं, चोवीस वर्षं असल्या नखांच्या हाताला जेवायला वाढलंय मी."

ती नागपूरची. वडील तिकडच्या कोळशाच्या खाणीत होते. ही इंजिनिअर होऊन इकडे शिकायला आली आणि आता इथल्या मोटारींच्या कारखान्यात काम करते. पाच दिवस बॅटरीवरच्या गाड्यांचं डिझाइन करायचं आणि शनिवार-रविवारी दोन तास ड्राइव्ह करून एका आडगावात जायचं. तिथे हौशी लोकांनी जुनं वाफेचं इंजिन जिवंत ठेवलंय, त्याच्या भट्टीत कोळसा घालायचा. फुकट! वर पेट्रोलही पदरचं. "सगळे मला मॅड म्हणतात मावशी," ती हसत म्हणाली. मी म्हटलं, "मला कधी नेतेस ते सांग." निघताना ती "जय भीम मावशी" म्हणाली, मीही "जय भीम, बाई" म्हटलं, आणि कोथिंबीर तशीच विसरून घरी आले.

पहिल्या दिवशी मला पाहुणी म्हणून खुर्ची दिली. मला कुठलं बसवतंय! समोर इंजिनाची पितळेची घंटा काळवंडून गेलेली, आणि दोन बाप्ये कसल्याशा डब्यातल्या मलमाने ती चोळत होते. पुढच्या शनिवारी मी चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन गेले. अर्ध्या तासात घंटा अशी निघाली की लग्नाच्या समया लाजतील. सगळे गोळा झाले. एकाने बोट लावून कोळ चाखलासुद्धा. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. मग मला नियमांचं पुस्तक मिळालं. ते मी शब्दकोश शेजारी ठेवून, एकेका पानाला दोन-दोन दिवस देत वाचलं आणि परीक्षा दिली. लेकीचा जीव वर-खाली. "आई, सेव्हन्टी-फोर आहेस तू! पडलीस तर?" मी म्हटलं, "पडले तर उठेन. तिथे उचलायला क्रेन आहे." परीक्षा पास झाले आणि मला काम मिळालं, शेवटच्या डब्यातल्या प्रवाशांची विचारपूस करायची आणि डबा उबदार राहतोय ना, ते बघायचं.

आता ही ऊब कशी येते, ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. इंजिनातली थोडी वाफ एका लांब पाइपातून सगळ्या डब्यांखालून शेवटपर्यंत जाते आणि वाटेत बाकांखालच्या नळ्या तापवते. शेवटच्या डब्याच्या मागे उघडा ओटा आहे, त्याच्या कठड्याशी त्या पाइपाचं तोंड, त्याला एक छोटा व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह हिवाळ्यात किंचित उघडा ठेवायचा. वाफेचं पाणी होतं, ते तिथून थेंब थेंब गळून जायला हवं. नाही तर पाइपातच साचतं आणि गोठतं. नागपूरच्या पोरीने मला बोट ठेवून दाखवलं होतं, "मावशी, हँडल या खुणेवर. थोडी वाफ येत राहिली पाहिजे. इथून वाफ दिसतेय म्हणजे सगळं ठीक आहे." मी मान डोलावली होती. परीक्षेत हा प्रश्नही आला होता आणि मी बरोबर लिहिला होता!

तो दिवस जानेवारीतला. इथल्या मापाने शून्याच्याही खाली सहा, आपल्या मापाने उणे एकवीस. नाकातले केस गोठतात, पापण्या एकमेकींना चिकटतात आणि हवेत बारीक चमचम उडत असते, जणू कुणी अभ्रकाची पूड उधळली आहे. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता आणि त्या उजेडात ते इंजिन उभं होतं. अहो, काय वर्णन करू! दोन दिवस आधीपासून हळूहळू तापवत आणलेलं, कारण इतक्या थंडीत घाईने आच दिली तर जुनं लोखंड तडकतं. सांध्यासांध्यातून वाफ सुटलेली, आणि त्या थंडीत वाफ विरतच नाही, तर कापसाच्या राशीसारखी वर वर रचत जाते. चाकांना बर्फाची झालर, पोट मात्र काळं कुळकुळीत नि धगधगीत. श्वास घेत होतं ते. मधूनच एक उसासा, मग ठक्‌ ठक्‌ ठक्‌ पंपाचा ठोका, मग पुन्हा उसासा. रवंथ करणारी म्हैस बघितली आहे ना पहाटे गोठ्यात? तश्शी. मला तर तिच्या पाठीवर हात फिरवावासा वाटला.

ड्रायव्हर एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. उंच, वाकलेले, बोलणं मोजकं. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायचे, हे विसरून की मी काही त्यांची नात नव्हे. त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही गप्प होते, आणि का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. या इंजिनाच्या बॉयलरची मुदत त्या हिवाळ्यात संपत होती. मुदत संपली की कायद्याप्रमाणे सगळं उघडायचं, एक-एक नळी काढून तपासायची. त्याला काही वर्षं सहज लागतात. तेव्हा आजोबा कुठे असतील, कोण जाणे. म्हणजे ही त्यांची शेवटची फेरी. आदल्या हिवाळ्यात अर्ध्या वाटेवर पाणी गोठलं होतं आणि डिझेल इंजिन बोलावून सगळी गाडी ओढत आणावी लागली होती. त्यानंतर आठवडाभर आजोबा कुणाशी बोलले नव्हते म्हणे. या वेळी त्यांचं एकच म्हणणं, "शी कम्स होम ऑन हर ओन फायर." ती घरी येईल ती स्वतःच्या आगीवर. बस. दुसरं काही नको.

निघायच्या आधी नागपूरची पोर वरून ओरडली, "मावशी, वर या! आजोबा म्हणताहेत, दोन मिनिटं वेळ आहे." (आजोबा हा शब्द मी तिलाही लावला होता.) मी चढले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण चढले. तिने पायाने दाबून भट्टीचं दार उघडलं. काय सांगू तुम्हाला! पिवळी नाही, तांबडी नाही, पांढरी आग. तिच्याकडे बघवत नाही आणि डोळे हलवताही येत नाहीत. पुढून चेहरा भाजतोय, मागून पाठ गोठतेय. म्हणजे ही ती. हिच्यासाठी हे पहाटे उठायचे, हिच्यासाठी भाकरी अर्धी टाकून जायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पोर म्हणाली, "धूर गेला का मावशी?" मी म्हटलं, "धूरच गेला. दार लाव आता, वाफ वाया जातेय." आजोबांनी माझ्याकडे पाहून दोरी पुढे केली. शिट्टीची! मी ओढली. सगळं गाव हादरलं असेल. मी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी दोरी हळूच काढून घेतली.

आणि गाडी निघाली. पाच डबे, एकूणएक जागा भरलेली. नातवंडांना घेऊन आलेले म्हातारे, हातात हात घातलेली जोडपी, तिकडे उबदार दक्षिणेतल्या अर्विंगहून मुद्दाम विमानाने आलेलं एक तेलुगू कुटुंब, त्यांनी बर्फ असा पहिल्यांदाच पाहिलेला. बाहेर मक्याची ओसाड शेतं, त्यावर बर्फ, त्यावर आमच्या वाफेची सावली पळतेय. हरणं थबकून बघताहेत. फाटकाफाटकावर माणसं गाड्या थांबवून, त्या मरणाच्या थंडीत बाहेर येऊन हात हलवताहेत. मी शेवटच्या डब्यातून पुढे-मागे करतेय, कुणाला घोंगडी दे, कुणाला पाणी, आणि आत उकळी फुटलेली. मला गाता येत असतं तर मी गायले असते. तोच उत्साह घातक ठरला की काय, कोण जाणे.

कारण मधेच मी मागच्या ओट्यावर गेले. वाफ दिसतेय ना, ते बघायलाच गेले होते. वाफ दिसली. पण त्याबरोबर पाणी दिसलं. थेंब थेंब गळतंय, पायरीवर बर्फाचा ढीग साचतोय.

मनमाडचं पाणी तुम्हाला माहीत आहे? नसेल तर मनमाडच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो आधी सुस्कारा सोडेल. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा. पिंप, हंडे, कळशा, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भांड्यांचं पाणी संडासाला. आमच्या घरी गळका नळ म्हणजे पाप. शेजारणीच्या दारावरून जाताना तिचा नळ टपकताना दिसला तर आपण थांबून, हात घालून बंद करायचा आणि पुढे जायचं; त्याला परवानगी लागत नसे. पोरांना चुकीबद्दल मार बसत नसे तो नळ उघडा ठेवल्याबद्दल बसे. चाळीस वर्षं हा हात असा घडलेला. इथे लेकीच्या घरीसुद्धा मी रात्री उठून सगळे नळ पिळून येते.

तर तो हात गेला. मी सांगते ना, मी नाही गेले, हात गेला. व्हॉल्व्ह घट्ट पिळला, थेंब थांबला. मनाला तोच जुना समाधानाचा थंडावा लाभला आणि मी आत येऊन एका आजीबाईंच्या शालीचं कौतुक करायला लागले.

पाऊण तासाने माझ्या डब्यातली माणसं कोट चढवायला लागली. खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी धरली. मला वाटलं, थंडीच तशी आहे. तेवढ्यात आमचं पोचायचं गाव आलं. इथे इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून मागे येतं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. जाताना जो शेवटचा डबा, तो येताना पहिला. म्हणजे आता वाफ सगळ्या गाडीला जायची ती माझ्या डब्यातून! इंजिन जोडलं, पाइप जोडला, वाफ सोडली, आणि पाचच्या पाच डबे थंडच. एका थेंबाची ऊब पुढे जाईना.

गार्डबाई, म्हणजे एक निवृत्त शाळामास्तरीण, घड्याळ बघत आल्या. "पंचवीस मिनिटं. मग मालगाडीला रूळ मोकळा करून द्यावा लागेल. ऊब नसेल तर एवढ्या थंडीत प्रवासी बसवून गाडी हलवता येणार नाही. बसेस आणि डिझेल मागवू का?" आजोबा खाली उतरून इंजिनाकडचा जोड तपासायला लागले. त्यांना वाटत होतं, दोष इंजिनाकडच्या पाइपात. नागपूरची पोर तो जोड सोडवायला लागली, हातोडीचे घाव घालत. शेवटच्या डब्याचा व्हॉल्व्ह बंद होता हे त्यांनी पाहिलं होतं. पण इंजिन जोडण्याआधी तो बंद करतातच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. गार्डबाईंना वाटलं तो आजोबांनी बंद केला, आजोबांना वाटलं गार्डबाईंनी.

मी ओट्यावर उभी राहून हे बघत होते आणि नजर कठड्याशी असलेल्या त्या व्हॉल्व्हवर गेली. आठवलं. तो थेंब आठवला, माझी मूठ आठवली. अहो, माणूस किती पाजी असतो बघा, पहिला विचार काय आला? की कुणी पाहिलेलं नाही. थंडीने गोठलं असंच सगळे म्हणतील. बोलले तर या वयात मिळालेली ही एवढी गंमत संपली. पुन्हा कोण घेईल मला? घरी लेक म्हणेल, सांगितलं होतं ना. आणि खाली ते एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ उघड्या हाताने भलत्याच जागी बर्फ शोधत होते, बोटं निळी पडलेली. वीस मिनिटं उरली होती.

"अगं ए!" मी ओरडले. "तिथे नाही! इथे आहे! मी बंद केला होता तो!"

पोरीने वर पाहिलं. "काय करून राहिल्या होत्या मावशी तुम्ही?"

"टपकत होता गं! टपकत होता म्हणून बंद केला!"

"कधी?"

"लाल कोठाराच्या अलीकडे. तास होऊन गेला."

तिने कपाळावर हात मारला, काळा पट्टा उमटला, आणि आजोबांना भराभर इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "या डब्याच्या या टोकाला? नक्की?" मी म्हटलं, "येस. माय हँड." ते तो जोड सोडून थेट ओट्याखाली वाकले. पाइपावर टिचकी मारली. आवाज भरीव आला. "हिअर," ते म्हणाले. बर्फ तिथेच, हातभर लांबीचा.

आता तो वितळवायचा कसा? मशाल लावावी तर वर जुन्या लाकडाचा ओटा. सुट्या पाइपाने वाफ मारावी तर तो सुटा पाइप शेडमध्ये विसरलेला. कढत पाणी ओतावं तर ते पाइपावरून घरंगळून रुळांवर जातं नि तिथे आणखी बर्फ. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मला एकदम दिसलं, बाळाचं पोट दुखतं तेव्हा आपण काय करतो? पाणी ओततो का त्याच्यावर? शेक देतो!

माझ्या बाकावर अंथरायला मी घरून गोधडी आणली होती, लोखंडी बाक फार लागतो म्हणून. ती घेतली, पाइपाभोवती दोन वेढे दिले, जुन्या सुती पातळांचे सहा-सात थर असतील, आणि पोरीला म्हटलं, "पाणी आण. उकळतं. कोकोचं." चौथ्या डब्यात प्रवाशांच्या कोकोसाठी पाण्याची दोन मोठाली भांडी सतत उकळत असतात. मग काय रांग लागली म्हणता! प्रवासीच उतरले. तेलुगू कुटुंबातल्या बाई, जोडपी, सगळे हातोहात किटल्या पुढे देताहेत. ती शालवाली आजीबाई खिडकीतून विचारते, "माझा कोको त्या पाइपाला पाजताय का?" गार्डबाई म्हणाल्या, "हो, तो जास्त आजारी आहे." गोधडी पाणी प्यायली, फुगली, पाइपाला घट्ट धरून बसली. वरून दुसरी किटली, तिसरी. माझे हातमोजे भिजून लगेच कडक झाले. आजोबा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, कान पाइपाला लावून बसलेले. नऊ मिनिटं. आठ. गार्डबाई मोठ्याने मोजत होत्या; सवय त्यांची शाळेतली.

आधी आत खुळखुळ झालं. मग एक खाकरा, अगदी म्हाताऱ्या माणसासारखा. आणि मग पाइपातून बर्फाची एक अख्खी नळकांडी गोळीसारखी सुटली, तिच्यामागून काळं पाणी, आणि त्यामागून इतका वेळ पाइपात कोंडून राहिलेली शुभ्र, गरम, गर्जणारी वाफ! आजोबा मागे बसले ते बर्फातच बसले. सगळ्यांनी आरोळी ठोकली. पोरीने मला मिठी मारली, माझा कोट कोळशाने माखला तो तेव्हाच. पाइप जोडला, वाफ पुढे गेली, एकेका डब्यातल्या नळ्या कडकड वाजत तापायला लागल्या, आणि दोन मिनिटं हातात राखून गाडी हलली. या वेळी शिट्टी आजोबांनी वाजवली, आणि ती गाव संपलं तरी सोडली नाही.

परत येताना मी पुढे, इंजिनाला लागून असलेल्या माझ्याच डब्यात. दर ठोका पायाखाली ऐकू येत होता. तिन्हीसांजेला आम्ही शेडपाशी पोचलो, स्वतःच्या आगीवर. आजोबांनी ब्रेक लावला आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत. आम्हीही कुणी हाक मारली नाही.

उतरल्यावर ते मला शेडमधल्या खोलीत घेऊन गेले. मी म्हटलं, आता ऐकायचं. त्यांनी फळीवरून एक जाड वही काढली. या लोकांची एक पद्धत आहे, मला ती तोवर ठाऊक नव्हती. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने ती स्वतःच्या अक्षरात त्या वहीत लिहायची. शिक्षा नाही, दंड नाही. नवा माणूस आला की पहिल्यांदा त्याला ती वही वाचायला देतात. मला घंटेच्या गडबडीत द्यायची राहून गेली होती. पानं उलटली तर सगळ्यांच्या चुका तिथे. कुणी पाणी बघायला विसरलेलं, कुणी ब्रेक सोडायला. आजोबांच्या एकट्याच्या तीन पानं भरून. मी मराठीत लिहिलं, कारण खोटं न बोलता मला तेवढ्याच भाषेत लिहिता येतं: "व्हॉल्व्ह टपकत होता. सवयीने बंद केला. सांगायलाही पाच मिनिटं उशीर केला." खाली पोरीने इंग्रजी केलं. शेवटचं वाक्य वाचून आजोबा म्हणाले, "आमच्या शेतावर हातपंप होता. नळ टपकताना माझ्या आईने पाहिला असता तर तिनेही बंद केला असता. आणि मला थोबाडलं असतं." मग माझ्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "हे तर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतं." मी म्हटलं, कपडे तर मी जन्मभर वाळत घातलेत, दिसायचेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक मला पुन्हा तिथे घेऊन गेली. तिला ते इंजिन एकदा बघायचं होतं, असं ती म्हणाली. मला वाटतं तिला तिच्या आईला काय झालंय ते बघायचं होतं. आवारात चिटपाखरू नव्हतं. बारीक बर्फ पडत होता. रुळांवर, छपरांवर, लाकडाच्या ढिगांवर सगळीकडे बर्फ, फक्त इंजिनाच्या पाठीवर नाही. आग काढून अठरा-वीस तास झाले होते, भट्टी रिकामी, धूर नाही, ठोका नाही. मी हातमोजा काढून तिच्या कुशीवर तळवा टेकवला. लेकीनेही काढला.

"आई, अजून गरम आहे गं."

मला तेव्हा एक जुनी संध्याकाळ आठवली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. यांना डिझेलवर घेतलं तो पहिला दिवस. संध्याकाळी घरी आले, शर्ट जसाच्या तसा पांढरा. मी केवढी खूश! म्हटलं, सुटले बाई, आता ते काळे कपडे भिजवणं नको. दारात उभं राहून शेजारणीला तो शर्ट दाखवला. हे अंघोळीला गेले आणि उगाचच फार वेळ हात धूत बसले, धुण्यासारखं काही नसताना. तेव्हा आत जाऊन एकदा विचारायला हवं होतं, की काय हो, कसं वाटतंय. त्यांनी सांगितलं असतं. आगीविषयी ते नेहमी सांगत. मला पांढऱ्या शर्टाचा आनंद होता, विचारायचं सुचलंच नाही. आणि मग ते नेहमीचं होऊन गेलं, आणि मग ते गेलेच.

हे मी लेकीला तिथेच सांगितलं. तिने हात तिथून काढला नाही. आमच्यासमोर इंजिनाच्या नाकाडावर, जिथे लोखंड पातळ आहे, तिथे पहिले कण टिकायला लागले होते. मागे, भट्टीच्या अंगाला, ते अजून पडता पडताच पाणी होत होते. तेवढा भाग पांढरा व्हायला संध्याकाळ होईल, मी मनात हिशेब केला, कदाचित रात्र. घाई नव्हती. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, पाठीला गारठा आणि तळव्याला ऊब घेऊन.